उशिरा भरलेला हप्ता आणि पतगुणांक

जळगावच्या कापूस उत्पादकाला किंवा धुळ्याच्या यंत्रमागधारकाला कर्ज मागताना ज्या ‘सिबिल’ची विचारणा होते, तो पतगुणांक, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून पतमाहिती कंपनीने काढलेला 300 ते 900 मधील आकडा होय. कापसाचा पैसा लांबून हप्ता थकला, तर हा आकडा घसरतो. परंतु अहवालात मागील 36 महिन्यांची फेड महिनावार दिसत असल्याने, थकबाकी भरून पुढील हप्ते वेळेवर दिल्यास तो हळूहळू सावरतो. सूट घेऊन खाते मिटवल्यास मात्र ‘तडजोड’ असा शेरा उमटतो आणि पुढची बँक नेमके त्यावरच बोट ठेवते, म्हणून शक्य तेथे पूर्ण रक्कम भरून बेबाकी दाखला घेणे खरोखर हिताचे ठरते.

प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो; भरलेला हप्ता त्यात थकीत दिसल्यास तक्रार करता येते, आणि ती 30 दिवसांत न सुटल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तक्रारदाराला प्रतिदिन 100 रुपये भरपाई देय होते. खरी नोंद पैसे घेऊन पुसून देण्याचे आश्वासन देणारा मध्यस्थ मात्र कर्जदाराची फसवणूकच करीत असतो.