मुहूर्त टळल्यानंतरची लीलावती

(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



ज्या शाळेत मी पाढे पाठ केले, तेथेच आज कादंबरीतील गणिती नायिकेविषयी बोलण्याचा मान मिळाला, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

लीलावतीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी भास्कराचार्यांनी घटिकापात्र पाण्यात ठेवले. लीलावती कुतूहलाने वाकली, तिच्या अलंकारातील मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाने ग्रंथ रचला. ऐतिहासिक प्रणयकादंबरीला याहून हृद्य बीज कोणते हवे?

परंतु ग्रंथ ११५० सालचा आहे. ही कथा मात्र अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून प्रसिद्ध झाली. मूळ ग्रंथात मोती नाही, अश्रूही नाहीत. तेथे वाऱ्याने मोडलेला वेळू आहे, सापावर झेपावणारा मोर आहे, कमळात अडकलेला भुंगा आहे. आणि बुद्धिमती म्हणून जिला हाक मारली, ती लीलावती उत्तर देईल असा विश्वास आहे. आपण मात्र तिचा टळलेला विवाह लक्षात ठेवला आणि तिला घातलेली गणिते विसरलो.

त्याच काळात आपल्या नर्मदाकाठी काय घडत होते? कलचुरी राणी अल्हणादेवी यांनी भेडाघाट येथे शिवमंदिर, मठ आणि व्याख्यानशाळा उभारल्याचे ११५५ च्या सुमाराचा शिलालेख सांगतो. विद्येसाठी वास्तू उभारणारी स्त्री त्या युगात होती. मग कादंबरीतील लीलावतीने केवळ अश्रू का ढाळावेत?

प्रणय आणि गणित यांचे वैर नाही. रशियाच्या सोफिया कोवालेव्हस्काया यांनी १८६८ मध्ये परदेशी शिकता यावे म्हणून नावापुरता विवाह केला. १८७४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तो नावापुरता विवाह पुढे खरा संसार झाला. आपल्या मंगला नारळीकर यांचा विवाह झाला. संसार आणि मुलींचे संगोपन सांभाळून त्यांनी पुन्हा संशोधन हाती घेतले आणि १९८१ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे ‘गणितगप्पा’ लिहून त्यांनी मराठी मुलांशी गणिताची मैत्री जुळवली. अशा आयुष्याची कादंबरी लिहायची, तर नायिकेची वही मिटवून ठेवता येणार नाही.

येथे एक खाजगी आठवण सांगते. आमच्या वर्गात गणितात नेहमी पहिली येणारी मैत्रीण होती. मॅट्रिकनंतर तिचा विवाह झाला आणि शिक्षण थांबले. गतवर्षी तिने नातीला लीलावतीची गोष्ट सांगितली. नातीने विचारले, “आजी, मग तिने ती गणिते सोडवली का गं?” मैत्रिणीला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी दोघी वही घेऊन बसल्या आणि मोडलेल्या वेळूचे गणित त्यांनी सोडवले. हे सांगताना तिचा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा झाला होता.

पालकहो, घरात मुलगी वही उघडून बसली असेल, तर तिला हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबा. आणि माजी विद्यार्थ्यांतील लेखकहो, लीलावतीची कादंबरी अवश्य लिहा. पण मुहूर्त टळला तेथे ती संपवू नका, तेथून आरंभ करा.