वकील करावा की न करावा?



आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कामगारांच्या दाव्यांचे कागद वाचता वाचता. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. आमच्या हातून झालेली एक चूक मात्र आज सांगणार आहोत.

कित्येक वर्षांपूर्वी भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात एका तरुणाच्या उजव्या हाताची चार बोटे प्रेसखाली गेली. मालकाचा माणूस इस्पितळात फळे घेऊन आला. जाताना कोऱ्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा घेऊन गेला. त्या रात्री त्याच्या बायकोने विचारले, “दादा, वकील करावा का?” आम्ही म्हणालो, “वहिनी, वकील कशाला? आम्ही आहोत ना!”

हे उत्तर बेकायदेशीर नव्हते. 1923 च्या भरपाई कायद्याने नोंदलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याला कामगारातर्फे उभे राहण्याची मुभा दिली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती ठेवली. त्या जुन्या कायद्याच्या कोष्टकात अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली असे धरत, चार बोटांना 50 टक्के. मालकाला अपघात कबूल, पगार कबूल, तर उरतो तो हिशेब. हिशेबाला वकील कशाला? कामगार राज्य विम्यात असेल, तर भरपाई मालकाकडे नव्हे, विमा महामंडळाकडे मागावयाची. येथे माणसे दहाच्या आत, म्हणून विमा नव्हता.

कोऱ्या कागदावर पुढे ‘तक्रार नाही’ असे उमटले. त्याची आम्हांस भीती नव्हती. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यापुढे टिकत नाही. पण मालक म्हणाला, “हा माणूस आमचा नव्हेच, ठेकेदाराचा!” ठेकेदार म्हणाला, “मी याला ओळखत नाही.” हजेरीपटावर नाव नव्हते. साक्षीदाराची उलटतपासणी आम्हांस जमेना. तारखांवर तारखा गेल्या, वर्ष गेले. त्या माउलीच्या गळ्यात काळे मणी तेवढे उरले, सोने गेले.

शेवटी आम्ही वकील गाठला. त्याने मुकादमाला एवढेच विचारले, “प्रेसवर कोणी बसायचे हे सकाळी कोण ठरवी?” मुकादम म्हणाला, “मीच, मालकांना विचारून.” दावा तेथेच उभा राहिला. भरपाई मिळाली, पण ते वर्ष आमच्या अभिमानाने खाल्ले.

तेव्हापासून आम्ही असे सांगतो: हिशेबाचे भांडण असेल तर संघटना पुरे. मात्र ‘हा आमचा माणूस नव्हे’, ‘अपघात कामावर झालाच नाही’ असे मालक म्हणू लागला, किंवा डॉक्टरांच्या टक्क्यांवर वाद निघाला, की त्याच दिवशी वकील करावा. फीला पैसे नाहीत म्हणून अडू नये. 1987 च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला आणि कोणाही स्त्रीला मोफत विधी सेवेचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. ‘भरपाईत इतका वाटा माझा’ म्हणणाऱ्या वकिलाला दुरूनच नमस्कार करावा. असा वाटा ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे.

आणि वकील करा वा न करा, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. गेलेली बोटे कोणताच कायदा परत देत नाही. उरलेला अंगठा तरी आपला राहू द्या.