रक्तातील पाठभेद



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून रक्ततपासणीवर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पोथ्या चाळणाऱ्यांना पाठभेद म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, आणि हा विषय पाठभेदाचाच आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यांतील 6व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की सिकलसेलचे हिमोग्लोबिन ‘एस’ तयार होते. आईवडील दोघांकडून ते आले, तर प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांतून असह्य कळा येतात. 1910 साली शिकागोच्या हेरिक यांनी अशा पेशींचे वर्णन केले; 1949 साली पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला.

सुरतेच्या भेस्तानला हा विषय दूरचा नाही. उधना, पांडेसरा, भेस्तान या कारखान्यांच्या पट्ट्यात खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. उधना-जळगाव लोहमार्ग व्यारा, नवापूर, नंदुरबार असा ज्या मुलखातून जातो, तेथील गामित, चौधरी, वसावा, भिल्ल, पावरा या समाजांत सिकलसेलचे वाहक पुष्कळ आढळतात. (नवापूरचे स्थानक अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात, रक्ताने अशी वाटणी कधी मानली नाही.) या जंगलपट्टीतील जीवघेण्या हिवतापापासून वाहकाला काहीसे संरक्षण मिळते, म्हणूनच हा पाठ पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

तो वाचावयाचा कसा? पहिली चाचणी अगदी साधी. रसायनाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे ओळी छापलेला कागद धरतात. ओळी स्पष्ट दिसल्या तर ‘एस’ नाही. द्रव गढूळ होऊन त्या झाकल्या गेल्या तर ‘एस’ आहे. मात्र दोष एका पालकाकडून आला की दोघांकडून, हे ही नळी सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत तर ती फसवूही शकते. म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस. विजेच्या प्रवाहात निरनिराळी हिमोग्लोबिने निरनिराळ्या वेगाने सरकतात व त्यांचे पट्टे उमटतात. येथेही गफलत संभवते: अल्कधर्मी माध्यमात ‘एस’ आणि ‘डी’ एकाच जागी थांबतात, त्यांना वेगळे करण्यास आम्ल माध्यम लागते. आता बहुधा एचपीएलसी यंत्र वापरतात. ते प्रत्येक प्रकाराचे प्रमाण काढून देते. ‘ए-टू’ सुमारे साडेतीन-चार टक्क्यांहून वाढले, तर थॅलसेमियाच्या वाहकतेचा संशय येतो. पण रुग्णाला नुकतेच रक्त चढविलेले असेल, तर यंत्र रक्तदात्याचेही रक्त वाचते! सुई टोचण्यापूर्वी ही गोष्ट प्रयोगशाळेला सांगितलीच पाहिजे.

गुजरातने 2006 साली सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे राष्ट्रीय अभियानाचा प्रारंभ झाला. तपासण्या वाढल्या, हे चांगलेच. अडते ते अहवाल घरी आल्यावर. ‘सिकलसेल ट्रेट’ हे शब्द इंग्रजीत असतात. ‘सिकलसेल’ तेवढे वाचले जाते, ‘ट्रेट’ गळून पडते. वाहक मुलगी रोगी ठरते आणि जमत आलेली सोयरीक मोडते. मुलाकडच्यांनी मात्र आपल्या मुलाचे रक्त तपासलेलेच नसते! वास्तविक एकच जोडीदार वाहक असेल, तर मुलांना हा आजार होत नाही. फार तर ती वाहक होतात. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी आजाराची शक्यता चारांत एक असते. प्रत्येक गर्भारपणी, हे महत्त्वाचे. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. मात्र जोडीदाराच्या रक्तात थॅलसेमिया किंवा ‘डी’ असले, तरीही मूल आजारी होऊ शकते. म्हणून त्याची नुसती नळीची चाचणी पुरत नाही.

अहवाल हाती पडताच घरातील वडीलधारी माणसे बहुधा विचारतात, ‘औषध कधीपासून?’ निव्वळ वाहकाला औषध लागत नाही. त्या कागदाबरोबर ठेवावयाचा असतो तो जोडीदाराचा अहवाल, लग्नाची तारीख ठरण्याआधी.