डनबारचे कैदी

अमेरिकेतल्या काही घराण्यांचा मूळपुरुष शोधत मागे गेलं, की वाट 3 सप्टेंबर 1650 च्या, स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईपाशी पोहोचते. इंग्रज सेनापती क्रॉमवेलनं पकडलेले स्कॉटिश सैनिक इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये कोंडले गेले. तिथं हजाराहून जास्त मेले. वाचलेल्यांपैकी दीडशेच्या आसपास ‘युनिटी’ जहाजातून मॅसॅच्युसेट्सला नेऊन विकले. सॉगसच्या लोखंडाच्या भट्टीवर, मेनच्या लाकूडगिरण्यांत सहा-आठ वर्षं बांधील चाकरी!

पुढच्या वर्षी असेच दुसरे स्कॉटिश कैदी नेणाऱ्या ‘जॉन अँड सारा’ जहाजाची यादी बोस्टनच्या जुन्या दस्तांत आहे. नावं कानावर पडली तशी लिहिलेली, म्हणून शोधताना ती मोठ्यानं म्हणून पाहावीत.

डरहॅमला 2013 मध्ये खोदकामात सांगाडे सापडले. हाडादातांच्या तपासणीतून ते डनबारच्याच कैद्यांचे ठरले. बहुतेक पंचविशीच्या आतले, काहींना तर मिसरूडही फुटलं नसेल.