छायाचित्रातील रंग : पुसणे आणि झाकणे



दादीच्या रंगीत फोटोची घरात एकच फाईल असते. नातू हौसेने हिरवी ओढणी तेवढी रंगीत ठेवतो, बाकीचा रंग काढतो आणि त्याच फाईलवर सेव्ह करतो. उद्या दादीचा चेहरा पुन्हा रंगीत हवा झाला, तर आणणार कोठून?

फोटोशॉपमध्ये १९९४ पासून थरांची सोय आहे. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही ती आहे. रंगीत थरावर कृष्णधवल प्रत ठेवा, तिला पांढरा मास्क जोडा. मास्क म्हणजे पडदाच. त्यावर ओढणीपुरता काळा ब्रश फिरवला, की वरची प्रत तेवढी झाकली जाऊन खालचा हिरवा रंग दिसतो. हात कडेबाहेर गेला? पांढरा ब्रश फिरवा. करड्याने रंग फिका दिसतो. फाईल मात्र थरांसकट जपा. जेपीईजीमध्ये थर राहत नाहीत.