सोशिकपणाचं कौतुक पुरे



अमरावतीत उभी आहे, तेव्हा पहिलं नाव सुलोचनाबाई डोंगरे यांचंच घ्यायला हवं. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित वर्ग महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, असे ठराव तिथे झाले. ऐंशीहून अधिक वर्षं झाली त्याला.

दुसरं नाव कुमुदताई पावडे यांचं. १९३८ साली नागपुरात महार कुटुंबात जन्मल्या, संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या. तरी नोकरी मिळेना. मग आंतरजातीय लग्न झालं, सोमकुंवर हे आडनाव जाऊन पावडे आलं, आणि नोकरी आली. पदवी तीच, बाई तीच. या नोकरीचं श्रेय आडनावाकडेच जातं, हे त्यांनी 'अंतःस्फोट' या आत्मकथनात उघड लिहून ठेवलं. पुढे याच अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात त्या संस्कृतच्या विभागप्रमुख झाल्या.

ही हकिगत आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, टाळ्या वाजवतो. मला मात्र प्रत्येक वेळी दुसरीच पोरगी आठवते. तेवढीच शिकलेली, पण आडनाव न बदललेली. तिचं काय झालं?

माझंच सांगते. मी अकोल्याहून रोज पॅसेंजरने जाऊन तासिका तत्त्वावर शिकवायची. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये विचारणा झाली, 'आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कोणतं?' तेवढ्यावरून जातीचा अंदाज आला नाही, तेव्हा तिसरा प्रश्न आला, 'बिंदू कोणता?' म्हणजे आरक्षणाच्या बिंदुनामावलीत माझी जागा कोणत्या प्रवर्गाची. पुढे कायम झाले. महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला नॅकची समिती आली की चहापाणी आणि रांगोळी माझ्याकडे, अभ्यासक्रमाच्या बैठकीची सूचना मात्र मला मिळायची नाही. चौदा एप्रिलचं, आंबेडकर जयंतीचं भाषण दरवर्षी माझं. वाङ्मय मंडळाचं उद्घाटन कधीच नाही. कोणी शिवी दिली नाही, म्हणून तक्रार तरी कशाची करायची? संध्याकाळी घरी आले की तोंड उघडायची इच्छा नसे. लेक विचारायची, 'आई, कोणावर रागावलीस?' रक्तदाबाची गोळी चाळिशीच्या आधीच सुरू झाली.

हे माझ्यापुरतंच नाही. अमेरिकेतल्या संशोधक अर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ साली कृष्णवर्णीय स्त्रियांच्या प्रकृतीबद्दल मांडलं, की वंशभेद सोसता सोसता त्यांचं शरीर वयाच्या आधी झिजतं. ऊनपावसाने दगड झिजावा तसं. तिकडच्या विद्यापीठांत शिकवणाऱ्या कृष्णवर्णीय आणि इतर वर्णाच्या स्त्रियांच्या अनुभवांचं एक पुस्तक २०१२ मध्ये आलं. त्याच्या नावाचा अर्थच असा, की या बायका अपात्र आहेत हे आधीच धरून चाललेलं असतं. मला लगेच आपल्याकडे राखीव जागेवर निवड समिती मारते तो शेरा आठवला : 'योग्य उमेदवार मिळाला नाही.'

२२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी हिने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. आदिवासी मुलगी, डॉक्टर होऊन पुढचं शिकणारी. सहन करायला शिकायला हवं होतं, असं तिच्याबद्दल म्हणणारी माणसं मला भेटली. मी त्यांना विचारलं, किती? आणि कुठवर?

सोसण्याची ताकद आमच्या आयांनी दिली, तिचा मला अभिमान आहे. पण संस्थेने करायचं काम त्या ताकदीवर ढकलू देऊ नका. 'मॅडम फार धीराच्या' असं म्हटलं, की महाविद्यालयाला काहीच बदलावं लागत नाही. म्हणून मागा. बिंदुनामावली फलकावर लावा म्हणा. 'योग्य उमेदवार नाही' असं ठरवलं, तर कारण लेखी द्या म्हणा. आणि आपल्याशी जे घडतं ते तारीख, वार, शब्दांसकट लिहून ठेवा. कुमुदताईंनी लिहिलं म्हणूनच आज मी ते या व्यासपीठावरून सांगू शकले.

शेवटी एवढी विनंती. सोमवारी तुमच्या स्टाफरूममध्ये एखादी नवी मुलगी रुजू झाली, तर तिला खुर्ची द्या आणि ती कोणता विषय शिकवते ते विचारा. आडनाव विचारू नका.