आधी कुत्र्याचं वजन करा

पाऊस उघडला की पुण्यात कुत्र्यांच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या सापडू लागतात आणि औषधांचे सल्ले सुरू होतात. 'गुरांचं आयव्हरमेक्टिन आणा, थेंबभर पाजा, स्वस्तात काम होतं.' दर मोसमात हे ऐकते आणि दर मोसमात सांगते: आधी कुत्र्याचं वजन करा.

नवं जंतनाशक किंवा गोचीडनाशक बाजारात येण्याआधी त्याची चाचणी निरोगी कुत्र्यांवर होते. काहींना ठरलेली मात्रा, काहींना तिप्पट, काहींना पाचपट. रक्त तपासतात, चाल बघतात, खाणंपिणं टिपून ठेवतात. ही मात्रा किलोमागे मोजलेली असते. तुम्ही अंदाजपंचे पाजलंत, की त्या चाचणीचा तुमच्या कुत्र्याला आधार उरत नाही.

लग्नाच्या पंगतीची आमटी करताना आचारी मुठीमुठीने मीठ टाकतो. घरच्या वाटीभर आमटीला चिमूट पुरते. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन हे पंगतीचं मीठ आहे. त्याच्या 1 मिलीत 10 मिलिग्रॅम औषध, 50 किलोच्या वासराला पुरेल इतकं. थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम. 10 किलोच्या कुत्र्याला हृदयातले जंत होऊ नयेत म्हणून महिन्याला जेवढं देतात, त्याच्या आठपट! आमटी खारट झाली तर पाणी वाढवता येतं. पोटात गेलेल्या थेंबात काय वाढवणार?

लूत झाली तर डॉक्टर मात्रा वाढवतात, हे खरं. पण तेही वजन करून, कुत्र्याची जात बघून. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एमडीआर1 या जनुकात दोष असतो, हे 2001 मध्ये अमेरिकेत उमगलं. औषधाला मेंदूच्या वेशीवर अडवणारं प्रथिन त्यांच्यात तयारच होत नाही. म्हणून आयव्हरमेक्टिनच्या गटातली औषधं अशा कोलींवर वेगळी तपासतात. काही जर्मन शेफर्डमध्येही हा दोष सापडतो.

वजन करणं अवघड नाही. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग त्यातून तुमचं वजन वजा करा. पिल्लाचं दर वेळी नव्याने करा, ते आठवड्यात वाढतं.

गोचिडीच्या नव्या चघळायच्या गोळ्यांबद्दल एकच सांगते. त्यांतल्या काहींनी कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला. आधी कधी झटका आला असेल, तर गोळी घेण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. आणि औषधानंतर कुत्रा लडखडला, लाळ गाळू लागला, बाहुल्या मोठ्या दिसल्या, तर वाट बघू नका. औषधाचं खोकं घेऊन लगेच दवाखाना गाठा.